बाद पुस्तकांच्या पेटीतली ओळ

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, टोलेडो शहरापासून जवळच्या एका छोट्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात मी काम करत होते, तेव्हाची ही हकिकत आहे. तारीख नेमकी आठवते, कारण त्या रात्री घरी येऊन मी सगळे लिहून ठेवले होते: शनिवार, २८ फेब्रुवारी २०१५. त्या हिवाळ्यात आमच्या गावाजवळचे ईरी सरोवर जवळजवळ सगळे गोठले होते आणि एवढ्या थंडीत कोण पालक मुलांना घेऊन येतील, अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात बावीस मुले आली. त्यांतली बहुतेक सात ते दहा वर्षांची होती.

दोन मार्च हा डॉ. स्यूस या टोपणनावाने लिहिणाऱ्या थिओडोर गायझल यांचा जन्मदिवस असतो आणि त्या सुमारास अमेरिकेतल्या शाळा व वाचनालये मुलांसाठी वाचनाचे कार्यक्रम ठेवतात. आमच्याकडे दरवर्षी एखादे पुस्तक वाचून दाखवायचे आणि थोडा खाऊ द्यायचा, एवढीच पद्धत होती. त्या वर्षी मी ‘द लोरॅक्स’ हे १९७१ सालचे पुस्तक निवडले आणि त्याला जोडून २०१२ मध्ये त्यावर निघालेला ॲनिमेशनपट त्याच दिवशी दाखवायचे ठरवले. त्यामागे माझे स्वतःचे एक कारण होते. जयसिंगपूरला राहणाऱ्या माझ्या भाचीसाठी मी त्या पुस्तकाचा मराठीत अनुवाद करून पाहत होते आणि त्यासाठी चित्रपट पुन्हा पाहताना मला सारखे वाटत होते की झाडे तीच, प्राणी तेच, नावेही तीच असली, तरी या दोन गोष्टी मुलाला दोन निरनिराळ्या ठिकाणी नेऊन सोडतात. हे केवळ माझ्या मोठ्या माणसाच्या मनातले आहे की मुलांनाही ते जाणवते, हे मला पाहायचे होते. म्हणून मी प्रत्येक मुलाला दोन कागदी पट्ट्या दिल्या. पुस्तक वाचून झाल्यावर एका पट्टीवर आणि चित्रपट संपल्यावर दुसऱ्या पट्टीवर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे होते. प्रश्न होता: झाडे कोणामुळे गेली?

ज्यांनी ते पुस्तक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गावाच्या टोकाला, उजाड माळावर वन्सलर नावाचे कोणीतरी राहते. एक मुलगा तिथे जातो आणि पंधरा सेंट, एक खिळा आणि गोगलगायीच्या खापरपणज्याचा शंख एवढे मोल देऊन इथे काय घडले ते ऐकून घेतो. वन्सलर सांगतो की त्याने ट्रफ्युलाची रेशमासारखी झाडे तोडून त्यांच्यापासून ‘थ्नीड’ नावाची वस्तू विणायला सुरुवात केली. लोकांनी ती घेतली, मग त्याचे सगळे गणगोत कामाला आले, एका घावात चार झाडे पाडणारे यंत्र आले, धूर आला, सांडपाणी आले. झाडांच्या वतीने बोलणारा लोरॅक्स प्रत्येक टप्प्यावर बजावत राहिला आणि शेवटचे झाड पडल्यावर निघून गेला. मागे दगडांचा एक ढिगारा राहिला आणि त्यावर एकच शब्द कोरलेला, ‘अनलेस’. त्या शब्दाचा अर्थ वन्सलरला आता कळतो आणि तो ट्रफ्युलाचे अखेरचे बी त्या मुलाकडे टाकतो. पुस्तक तिथेच संपते. बी रुजले की नाही, लोरॅक्स परत आला की नाही, हे लेखक सांगत नाही.

या एका शब्दाने मला अनुवादात कित्येक आठवडे अडवून धरले होते. इंग्रजीत तो वाक्याच्या आरंभी येतो आणि दगडावर एकटा उभा राहू शकतो. मराठीत ‘तुझ्यासारख्या कोणाला मनापासून तळमळ वाटल्याशिवाय’ असे म्हणावे लागते आणि त्यातला ‘शिवाय’ आधीच्या शब्दाला चिकटल्याखेरीज उभाच राहत नाही. ‘नाहीतर’ लिहिले तर ती धमकी होते. शेवटी मी दगडावर ‘जोवर’ एवढेच लिहिले आणि पुढचे वाक्य वन्सलरच्या तोंडी पूर्ण केले. ते अपुरे वाटते हे मला ठाऊक आहे, परंतु तो शब्द अपुरा असणे हेच त्या पुस्तकाचे मर्म आहे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

वाचन सुरू झाले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलाने लगेच हात वर केला. पुस्तकात वन्सलरचे फक्त हिरवे, लांब हात दिसतात, चेहरा कुठेही काढलेला नाही. मुलाचे म्हणणे असे होते की चित्र चुकले आहे, कारण वन्सलर हा उंच, सडपातळ, गिटार वाजवणारा तरुण आहे आणि त्याने ते स्वतः पाहिले आहे. बहुतेक मुलांनी चित्रपट घरी आधीच पाहिलेला असल्यामुळे त्याला सगळ्यांचा दुजोरा मिळाला. मी त्यांना एवढेच विचारले की चित्रकाराने चेहरा मुद्दाम काढला नसेल तर कशासाठी काढला नसेल. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागे आईला बिलगून बसलेली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे तो कोणीही असू शकतो.”

पहिल्या पट्ट्यांवर निरनिराळी उत्तरे आली. पुष्कळांनी वन्सलर लिहिले होते. काहींनी थ्नीड विकत घेणारे लोक असे लिहिले होते, एकाने यंत्र लिहिले होते आणि एका मुलीने ‘लोरॅक्स फक्त बोलत राहिला, त्याने काही केले नाही’ असे लिहून लोरॅक्सलाच दोषी ठरवले होते. ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

त्यानंतर चित्रपट झाला. तो दीड तासाच्या आतला, रंगीत, गाण्यांनी भरलेला आहे आणि मुले त्यात रंगून गेली. पुस्तकातल्या बिननावाच्या मुलाला इथे टेड हे नाव आहे आणि तो झाडाच्या शोधात निघतो तो ऑड्री नावाच्या मुलीला खरे झाड पाहायचे आहे म्हणून. (ही दोन्ही नावे लेखक आणि त्याची पत्नी यांच्यावरून घेतलेली आहेत.) तटबंदीच्या आत प्लास्टिकच्या झाडांचे एक अख्खे शहर वसवले आहे आणि त्यावर ओ’हेअर नावाच्या ठेंगण्या व्यापाऱ्याची सत्ता आहे. तो बाटलीतली हवा विकतो आणि झाडे उगवली तर त्याचा धंदा बुडेल म्हणून टेडच्या मागे लागतो. शेवटी पाठलाग होतो, शहराच्या मधोमध बी लावले जाते, लोक गाऊ लागतात, ओ’हेअरची हकालपट्टी होते, माळावर पुन्हा रोपे उगवतात आणि लोरॅक्स परत येऊन म्हाताऱ्या वन्सलरला मिठी मारतो.

दुसऱ्या पट्ट्या गोळा करून मी टेबलावर मांडल्या. बहुतेकींवर एकच नाव होते: ओ’हेअर.

मला हे अपेक्षित नव्हते. चित्रपटातल्या ओ’हेअरने एकही झाड तोडलेले नाही. झाडे संपून हवा खराब झाल्यावर त्याला धंदा सुचतो. झाडे तिथेही वन्सलरनेच तोडली आहेत आणि ते सविस्तर, गाण्यासह दाखवले आहे. तरीही दीड तासात मुलांच्या मनातला दोष त्याच्यावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसला होता. वन्सलरला चेहरा मिळाला, त्याला हिणवणारी आणि पुढे पैशासाठी गोंजारणारी आई मिळाली, झाडे न तोडण्याचे वचन आणि ते मोडल्याचा पश्चात्ताप मिळाला. त्याची कीव येऊ लागल्यावर राग ठेवायला दुसरी जागा लागणारच आणि ती जागा पटकथाकारांनी ओ’हेअरच्या रूपाने आयती दिली होती. पुस्तकात राग ठेवायला अशी जागाच नाही. तो वाचणाऱ्याच्या हातात राहतो, बियाबरोबर.

मी चित्रपटावर अन्याय करू इच्छित नाही. ज्यांच्या घरात एकही पुस्तक नाही अशी मुले त्याच्यामुळे आमच्या कपाटापर्यंत आली, हे मी बालविभागात रोज पाहत होते. हवा विकत घेणारे आणि त्यात काही वावगे न वाटणारे शहर ही कल्पनाही पुस्तकात नाही आणि ती जोरकस आहे. पुस्तकातले ते कळीचे वाक्यही चित्रपटाने सोडलेले नाही. मात्र पुस्तकात त्या वाक्यानंतर फक्त बी हाती येते आणि गोष्ट थांबते, तर चित्रपटात त्यानंतर झाड लागलेले असते. प्रदर्शनाच्या वेळी तर त्याच लोरॅक्सचे चित्र एका मोटारीच्या जाहिरातीतही वापरले गेले होते. याउलट, त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइन येथील चौथीच्या एका वर्गाने चित्रपटाच्या संकेतस्थळावर पर्यावरणाविषयी काहीच नाही अशी तक्रार करत ऑनलाइन अर्ज केला, त्यावर पन्नास हजारांहून अधिक सह्या जमल्या आणि निर्मात्या कंपनीला संकेतस्थळ बदलावे लागले. ती मुले पुस्तक वाचून चित्रपटाकडे गेली होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

कार्यक्रम इथेच संपायचा होता. मुलांच्या हातात गरम कोकोचे पेले दिले जात असताना, नातवाला घेऊन आलेले एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ आले. ते अत्यंत आदबीने म्हणाले, “तुम्ही वाचलेत त्यात एक ओळ सुटली. मी माझ्या मुलीला हे पुस्तक इतक्या वेळा वाचून दाखवले आहे की मला ते पाठ आहे. त्यात आपले सरोवर होते.”

माझ्या हातातल्या प्रतीत तशी ओळ नव्हती. स्मरणाचा घोटाळा असेल असे मनात आले, तरी त्यांच्या बोलण्यात एवढी खात्री होती की मी मागच्या खोलीत गेले. तिथे विक्रीसाठी काढलेल्या बाद पुस्तकांच्या पेट्या होत्या. दुसऱ्या पेटीत त्याच पुस्तकाची एक जुनी, कणा उसवलेली प्रत सापडली. गुणगुणणाऱ्या माशांना लोरॅक्स घाण झालेल्या तळ्यातून दुसरीकडे पाठवतो, त्या पानावर ती ओळ होती. मासे स्वच्छ पाण्याच्या शोधात पोहायच्या परांवर चालत निघाले आहेत आणि लोरॅक्स म्हणतो की तिकडे ईरी सरोवरातही परिस्थिती इतकीच वाईट आहे, असे ऐकतो.

पुस्तकातले ते सरोवर खऱ्या जगातले होते आणि ते आमच्या गावापासून काही मैलांवर होते.

माहिती कक्षातल्या माझ्या सहकाऱ्याने पंधरा मिनिटांत त्या ओळीचा इतिहास शोधून दिला. पुस्तक निघाले तेव्हा ईरी सरोवर खरोखरच मरणपंथाला लागले होते. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी, कपड्यांच्या साबणातला फॉस्फरस, यांमुळे शेवाळ माजले होते. सरोवराला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने २२ जून १९६९ रोजी पेट घेतला होता. १९७२ मध्ये अमेरिकेने पाण्याच्या स्वच्छतेचा कायदा केला, त्याच वर्षी कॅनडाशी सरोवरांविषयी करार झाला आणि पाणी हळूहळू सुधारले. पुस्तक निघाल्यानंतर सुमारे चौदा वर्षांनी ओहायो सी ग्रँट या सरोवर-संशोधन कार्यक्रमातल्या मंडळींनी लेखकाला पत्र लिहून ही सुधारणा कळवली. त्याने ते मान्य केले आणि पुढच्या आवृत्त्यांतून ओळ काढली. लेखकाने स्वतः, वस्तुस्थितीला जागून केलेला हा बदल होता आणि त्याबद्दल मला आदरच वाटतो.

मी मुलांना पुन्हा गोल बसवले आणि जुनी प्रत उघडून ती ओळ वाचून दाखवली. ईरी सरोवराचे नाव येताच खोलीत जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. त्या मुलांना कोणतीही प्रस्तावना लागली नाही. जेमतेम सात महिन्यांपूर्वी, २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे, टोलेडो परिसरातल्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असा इशारा मिळाला होता. सरोवरात माजलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळातले विष पाण्यात उतरले होते आणि ते उकळल्याने नाहीसे होत नाही, उलट दाट होते. सोमवारी सकाळी इशारा मागे घेईपर्यंत लोक बाटलीबंद पाण्यासाठी शेजारच्या गावांपर्यंत धावत होते. मुले एकदम बोलू लागली. कोणाच्या घरी बाळाचे दूध कालवायला पाणी नव्हते, कोणाला अंगणातल्या फुगवायच्या तळ्यात उतरू दिले नव्हते. एक मुलगा म्हणाला, “आम्ही पाणी विकत घेतले. त्या सिनेमातल्या हवेसारखे.”

आणि मग त्या गृहस्थांच्या नातवाने विचारले, “मग आपल्या सरोवराचा ओ’हेअर कोण?”

आजोबांनी त्याला जे खरे होते ते सांगितले. या वेळी कारखाने मुख्य कारण नव्हते. मॉमी नदीच्या खोऱ्यात मक्याची आणि सोयाबीनची हजारो शेते आहेत. त्यांत घातलेल्या खतातला आणि शेणखतातला फॉस्फरस वसंतातल्या पावसाबरोबर वाहून नदीत आणि नदीतून सरोवराच्या उथळ पश्चिम टोकाला येतो, आणि उन्हाळ्यात त्याच्यावर शेवाळ पोसते. त्यांनी हे कोणालाही बोल न लावता सांगितले. तरी ते ऐकताना माझे लक्ष, ‘तो कोणीही असू शकतो’ म्हणणाऱ्या त्या मुलीकडे गेले. तिचे घर शेतकऱ्याचे आहे, हे मला माहीत होते. ती मान खाली घालून पेल्यातला कोको ढवळत होती.

निघताना कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी ती माझी वाट पाहत थांबली होती. आई गाडी तापवायला गेली होती. ती हळूच म्हणाली, “माझे बाबा ओ’हेअर आहेत का?”

बालविभागात काम करताना शेकडो प्रश्नांना मी उत्तरे दिली आहेत, पण इतके अवघड दुसरे कोणतेच नव्हते. त्या क्षणी चित्रपट मला काहीच मदत करू शकत नव्हता. त्याने तिला एक दुष्ट माणूस दिला होता आणि ती त्या चौकटीत आपल्या वडिलांना बसवून पाहत होती. मला आठवला तो याच पुस्तकावरचा पहिला चित्रपट, १९७२ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी केलेला आणि स्वतः लेखकानेच लिहिलेला. त्यात वन्सलर लोरॅक्सला विचारतो, मी कारखाना बंद करू का, लाखभर कामगारांना घरी पाठवू का. आणि लोरॅक्स, जो पुस्तकात कधी निरुत्तर होत नाही, कबूल करतो की तुझे म्हणणे मला कळते, पण याचे उत्तर माझ्यापाशी नाही. म्हणजे पडद्यावर आणताना संदेश सौम्यच करावा लागतो असे नाही. त्या रूपांतराने तो अधिक अवघड केला होता, कारण त्यात दुसऱ्या बाजूच्या माणसालाही खरे बोलू दिले होते. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेटनव्हिल येथे लाकूडतोडीवर पोट असणाऱ्या कुटुंबांनी हे पुस्तक शाळेच्या अनिवार्य वाचनातून काढावे अशी मागणी केली होती. त्याविषयी वाचताना मला नेहमी त्या घरांतल्या मुलांचा विचार येई. त्यांतलेच एक मूल आता माझ्यासमोर उभे होते.

मी खाली बसले आणि तिला सांगितले की नाही, तुझे बाबा ओ’हेअर नाहीत. माझे वडील शिरोळ तालुक्यात ऊस लावत. युरियाची पोती मी लहानपणी स्वतः बैलगाडीतून उतरवलेली आहेत आणि आमच्या शेताचे पाणीही शेवटी नदीलाच मिळत असे. पुढे त्या पंचगंगेचे काय झाले, ते आम्ही सगळ्यांनी पाहिले. माझे वडील वाईट माणूस नव्हते. त्यांना उसाचे बिल हवे होते, कारण त्यावर माझी फी भरली जाणार होती. ते आणि तुझे बाबा पुस्तकातल्या वन्सलरच्या जवळचे आहेत, आणि मीही आहे. तिने विचारले, “म्हणून त्याचा चेहरा काढला नाही?” मी हो म्हटले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की सिनेमात ते बी टेडला मिळते, पुस्तकात ते आपल्याकडे टाकलेले असते. पुस्तकात मुलगा काढलेला आहे, पण वन्सलर ज्याच्याशी बोलतो त्याला सुरुवातीपासून ‘तू’ असेच म्हटले आहे. अनुवाद करत असूनही माझे तिकडे एवढे लक्ष गेले नव्हते. तिने ती जुनी प्रत घरी नेता येईल का असे विचारले. बाद झालेले पुस्तक वाचकाला देता येत नाही. मी संगणकावर बसून त्याची पुन्हा नोंद केली, त्याला नवा क्रमांक दिला आणि कण्याला चिकटपट्टी लावून ते तिच्या हातात ठेवले.

तीन आठवड्यांनी ते पुस्तक परत करायला तिचे वडील स्वतः आले. बर्फ वितळू लागले होते आणि त्यांच्या बुटांना चिखल होता. त्यांना पाहताच मला लेटनव्हिलची आठवण झाली आणि ते तक्रार घेऊन आले असतील, असे मी मनाशी धरून चालले. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवले आणि सांगितले की घरी ते अनेकदा वाचून झाले, एकदा त्यांनीही मोठ्याने वाचून दाखवले. मग काहीसे संकोचून त्यांनी विचारले, “ज्यात ती ओळ नाही, ते पुस्तक आहे का तुमच्याकडे? तिला दोन्ही शेजारी ठेवून मला काहीतरी दाखवायचे आहे.”

मी नवी प्रत काढून दिली आणि जुनी पुन्हा त्यांच्याच नावावर लिहिली.